फौजेतील ‘निरुपयोगी’ बायका

गेल्या आनंदमेळ्यात आपल्या मंडळाच्या भगिनींनी साबुदाणावडे, भजी आणि चहा यांचे जे दुकान मांडले होते, त्यावर कोणीतरी ठळक अक्षरांत ‘महिला कँटीन’ अशी पाटी लावली होती. मंडळाच्या एक वयोवृद्ध सभासद बाई त्या पाटीकडे चष्मा सावरून बघत म्हणाल्या, “अग बाई, उपाहारगृह म्हणायचं सोडून हे कँटीन कुठून काढलंत? कुणाचा शब्द हा?” सगळ्या हसल्या. उत्तर मात्र कोणालाच देता आले नाही, मलाही नाही. घरी येऊन मी कोश उघडला आणि त्या एका शब्दाच्या मागे मागे जाता जाता फ्रान्सच्या लष्कराच्या छावणीत जाऊन पोहोचले. तेथे मला ज्या बायका भेटल्या, त्यांची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावी असे मनात आले.

‘कँटीन’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या छावण्यांतून आला, इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला आणि फ्रेंचांनी इटलीतून. इटालियन भाषेत ‘कांतिना’ म्हणजे तळघर, मद्याची कोठी. फ्रेंच शिपायाला छावणीत जेथे दारूचा घोट, तंबाखू, भाकरीतुकडा, सुईदोरा मिळे ते दुकान म्हणजे ‘कांतीन’, आणि ते चालवणारी बाई म्हणजे ‘कांतिनिएर’. याच बाईला त्याआधी ‘व्हिव्हांदिएर’ म्हणत. व्हिव्हांदिएर हे नाव जुने, कांतिनिएर हे मागाहून रूढ झाले. पुढे शंभर वर्षे लोक दोन्ही नावे सरमिसळ वापरीत.

आज आपल्याला वाटते की फौज म्हणजे पुरुषांचा मामला. परंतु दोनतीनशे वर्षांपूर्वीची कोणतीही फौज डोळ्यांसमोर आणा; तिच्यामागे एक अख्खे गाव चालत असे. आपल्याकडे त्या गावाला ‘बाजारबुणगे’ म्हणत, आणि पानिपताची हकीकत वाचताना आपण त्यांच्यावर किती सहज ठपका ठेवतो ते आठवून पाहावे! फ्रेंचांच्या राजेशाही फौजेतही हाच प्रकार होता. सरकार शिपायाला भाकरी देई, ती मिळेल तेव्हा मिळे; बाकीच्या गरजा ज्याने त्याने भागवायच्या. भुकेला शिपाई एकदा का अन्न शोधायला छावणीबाहेर पडला की तो परत येईलच याची खात्री नसे. कोणी लुटालूट करी, कोणी सरळ पळून जाई. म्हणून पलटणीच्या अधिकाऱ्यांनी काही विवाहित शिपायांना खाण्यापिण्याच्या जिनसा विकण्याचा परवाना द्यावा अशी वहिवाट पडली. परवाना नवऱ्याच्या नावाचा असे. नवरा कवायतीत, पहाऱ्यावर. मग दुकान कोण चालवणार? अर्थात बायको. पहाटे उठून गावात जायचे, घासाघीस करून माल आणायचा, गाढवावर नाहीतर हातगाडीवर लादायचा, पलटणीबरोबर दिवसभर चालायचे आणि मुक्काम पडला की शिपाई जोडे काढून बसतात तोवर चूल पेटवायची. दुसऱ्या होत्या त्या परटिणी. नदीच्या थंडगार पाण्यात उभ्या राहून त्या पलटणीचे कपडे धूत. या कामात शौर्य दिसत नाही हे खरे. परंतु मळक्या कपड्यांतून उवा होतात आणि उवांतून ज्वर पसरतो, आणि त्या काळी शत्रूच्या गोळीपेक्षा ज्वराने मेलेले शिपाई पुष्कळ अधिक असत.

इ. स. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांनी सारा देश भारून गेला. स्त्रियांना वाटले, आपणही नागरिक आहोत. ६ मार्च १७९२ रोजी पोलीन लेओं नावाची पॅरिसमधील चॉकोलेट करणारी एक तरुण बाई तीनशेहून अधिक स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज घेऊन विधिसभेपुढे उभी राहिली. मागणी अशी की आम्हांला शस्त्रे बाळगण्याचा आणि कवायत शिकण्याचा हक्क द्या. सभेने अर्ज ऐकून घेतला. पुढे काही केले नाही.

त्याच वर्षी लढाई पेटली, आणि अर्जाची वाट न बघता काही बायका थेट रणांगणावर गेल्या. उत्तर सरहद्दीवरच्या एका खेड्यातील फेलिसिते आणि तेओफील फेर्निग या दोघी बहिणी पुरुषवेषात रात्रीच्या गस्तीत सामील होऊ लागल्या. त्यांचे वडील त्या गस्तीचे नायक. पण आपल्याच मुली आपल्याच मागून चालत आहेत याचा त्यांना बरेच दिवस पत्ता नव्हता म्हणतात! पुढे त्या दोघी सेनापती द्युमूरिए याच्या पदरी राहून व्हाल्मी आणि जेमाप या प्रसिद्ध लढायांत लढल्या. ऑस्ट्रियाच्या शिपायांनी त्यांचे घर जाळले, तेव्हा राष्ट्रसभेने त्यांचा गौरव केला. पण हा गौरव वर्षभरही टिकला नाही.

कारण १७९३ उजाडले. ८ मार्च रोजी सरकारने शिपायांना वरिष्ठांच्या परवानगीवाचून लग्न करण्याची मुभा दिली. मग काय विचारता! छावण्यांत बायकांची आणि मुलांची गर्दी झाली. त्यांत लग्नाच्या होत्या, बिनलग्नाच्याही होत्या. गाड्या त्यांनी भरल्या, बराकी त्यांनी भरल्या. लाझार कार्नो हा पुढे ‘विजयाचा शिल्पकार’ म्हणून गाजलेला मुत्सद्दी त्या वेळी उत्तरेकडील फौजेत होता. त्याने एप्रिलमध्ये पॅरिसला कळवले की या बायकांमुळे फौज नासून चालली आहे, शत्रूच्या शस्त्रांनी मरतात त्यांच्या दहापट शिपाई यांच्यापासून लागणाऱ्या रोगांनी मरतात. या तक्रारीत तथ्य अगदीच नव्हते असे मी म्हणणार नाही. अरुंद छावणीत, अपुऱ्या रसदीत हजारो माणसे वाढली की हाल होतातच. परंतु रोग जणू फक्त बायकाच आणतात, हा हिशेब मात्र कार्नोसारख्या गणितज्ञाला शोभणारा नव्हता.

३० एप्रिल १७९३ रोजी राष्ट्रसभेचा हुकूम सुटला. हुकमाचे नावच मोठे बोलके आहे: फौजेतून निरुपयोगी बायकांना रजा देण्याविषयीचा हुकूम! आठ दिवसांच्या आत सगळ्या बायका छावणीतून बाहेर. अपवाद दोनच. एक, अन्न व पेय विकणाऱ्या व्हिव्हांदिएर. दुसऱ्या, परटिणी, आणि त्याही एका पलटणीमागे चार. पलटणीत माणसे किती, तर सातआठशे ते हजार. चार बायकांनी हजार माणसांचे धुणे धुवायचे, ते देखील कूच चालू असताना! ज्या सभेने हा आकडा ठरवला, तिच्यात एकाही सभासदाने आयुष्यात स्वतःचे धोतर, म्हणजे त्यांच्याकडची विजार, पिळली नसावी असा माझा अंदाज आहे.

याच हुकमात आणखी एक कलम होते. ज्या स्त्रिया प्रत्यक्ष शिपाई म्हणून लढत होत्या, त्यांनाही काढून टाकावे. घरी जाण्यासाठी परवाना आणि दर कोसामागे काही सू इतका वाटखर्च द्यावा. म्हणजे जी भाकरी विकते ती उपयोगी आणि जी बंदूक चालवते ती निरुपयोगी, असा निवाडा झाला. फेर्निग भगिनींचा प्रश्न मात्र त्याआधीच निकालात निघाला होता. त्यांचा सेनापती एप्रिलमध्ये शत्रूला जाऊन मिळाला, त्याच्याबरोबर त्यांनाही देश सोडावा लागला.

हुकूम कागदावर निघाला तरी छावणीत तो सगळीकडे पाळला गेला असे नाही. आंजेलिक ब्र्युलों ही शिपायाची मुलगी आणि शिपायाची विधवा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच पलटणीत ती लढू लागली. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या काल्व्ही येथील वेढ्यात ती जबर जखमी झाली आणि काही वर्षांनी पॅरिसच्या ‘अँव्हालीद’ या जखमी सैनिकांच्या आश्रमात तिला जागा मिळाली. तेथे ती साठ वर्षांच्या आसपास राहिली. तिला उपलेफ्टनंटचा हुद्दा मिळाला तो १८२२ मध्ये, आणि ‘लेजिओं दॉनर’ हे फ्रान्सचे मानाचे पदक मिळाले ते १८५१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. ते पदक मिळालेली ती पहिली स्त्री. फौजेत राहिलेली आणखी एक म्हणजे तेरेझ फिगर. ही घोडदळात होती, आणि तिच्या बेधडक बोलण्यामुळे शिपायांनी तिला ‘माँदाम सां-झेन’ म्हणजे ‘निःसंकोच बाई’ असे टोपणनाव दिले होते. पुढे एका गाजलेल्या नाटकाने हे टोपणनाव मार्शल लफेव्हर यांच्या पत्नीला चिकटवले. ही लफेव्हरबाई पूर्वाश्रमीची परटीण; नवरा मार्शल आणि स्वतः डचेस झाल्यावरही तिने आपले मूळ काही लपवले नाही.

आता नेपोलियनच्या काळाकडे येऊ, कारण कांतिनिएरची खरी ओळख तेथेच होते. तिच्या खांद्यावरून आडवा पट्टा, पट्ट्याला कमरेशी लटकवलेले लहानसे लाकडी पिंप, पिंपात ब्रँडी. पुष्कळदा हे पिंप निळे, पांढरे, तांबडे असे राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगवलेले आणि त्यावर पलटणीचा आकडा. बरोबर दोन पेले. शिपायाचा पगार महिनोन् महिने थकत असल्यामुळे तिचा सगळा धंदा उधारीवर चाले. कोणाकडे किती बाकी हे तिला पक्के माहीत असे. लढाईत ऋणको मेला की बाकीही मेली. आपल्या कोपऱ्यावरच्या वाणिणीने असा धंदा चार महिने तरी केला असता का?

आणि तरीही या बायका, गोळागोळी सुरू झाली की, मागे सुरक्षित थांबण्याऐवजी रांगांमधून फिरत आणि अनेकदा पैसे न घेता पेला पुढे करीत. हा केवळ दयाळूपणा होता असे नाही. आजच्या पेल्याने उद्याचे गिऱ्हाईक बांधले जाई, हा व्यवहारही त्यात होता. आणि नवरा त्याच रांगेत उभा असे हेही विसरता येत नाही. जखमी पडला की त्याच ब्रँडीने जखम धुवायची, पेटीतले जुने कापड फाडून पट्टी बांधायची, जमल्यास गाडीत घालून मागे न्यायचे. रेडक्रॉस अजून जन्माला यायचा होता. डॉक्टर लारे यांच्या फिरत्या रुग्णगाड्या होत्या, पण त्या किती ठिकाणी पुरणार? सामान्य शिपायाच्या तोंडात पहिले पाणी घालणारा हात बहुधा कांतिनिएरचाच असे.

१८१२ च्या रशियाच्या स्वारीत बूर्गोन्य नावाचा एक सार्जंट होता. त्याच्या आठवणी पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यांत दुबोआबाईंची हकीकत आली आहे, ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. दुबोआबाई त्याच्या कंपनीची कांतिनिएर, नवरा कंपनीचा न्हावी. मॉस्को सोडून फौज माघारी फिरलेली, सगळीकडे बर्फ. अशात एका रात्री उघड्या रानात बाईंना कळा सुरू झाल्या. शिपायांनी झाडाच्या फांद्या तोडून आडोसा उभा केला, कर्नलने स्वतःचा झगा त्यावर घालायला दिला, पलटणीच्या शस्त्रवैद्याने सुईणीचे काम केले, आणि मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कूच. बाळंतिणीला विश्रांती कोठली! कर्नलच्या घोड्यावर बसून, बाळाला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ती निघाली. तिच्या अंगावर जे दोन लष्करी कोट घातले होते, ते त्याच रात्री गारठून मेलेल्या दोन शिपायांचे होते. काही दिवसांनी मूल आईच्या कुशीतच थंडीने गेले. जमीन इतकी गोठलेली होती की त्याला पुरण्याकरिता शिपायांना कुऱ्हाडीने खड्डा खणावा लागला.

ज्या फौजेने शत्रूचे मुलूख बेचिराख केले, तिच्यातलीच ही माणसे. एका बाळासाठी कुऱ्हाड उचलणारे तेच हात. मला यात विसंगती वाटत नाही, फक्त वाईट वाटते.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस बेरेझिना नदीवर काय झाले ते पुष्कळांनी वाचले असेल. सेनापती एब्ले याच्या माणसांनी छातीइतक्या बर्फाळ पाण्यात उभे राहून दोन पूल बांधले. लढणारी पथके आधी उतरली. मागे राहिले ते जखमी, पथक चुकलेले, बायका, मुले. २८ तारखेच्या रात्री पूल मोकळे होते. एब्लेने त्यांना परोपरीने विनवले की आताच उतरा. पण दिवसभराच्या तोफांनी आणि चेंगराचेंगरीने गलितगात्र झालेली ती माणसे शेकोट्यांजवळून उठेनात. २९ च्या सकाळी रशियन जवळ आले आणि पूल जाळावे लागले. मग मात्र सगळे धावले. कोणी जळत्या फळ्यांवरून, कोणी पाण्यातून. हजारो माणसे त्या काठावर राहिली. त्यांत कांतिनिएर किती होत्या, हे मोजण्यास कोणी थांबले नव्हते. पगारपत्रकात ज्यांचे नाव नाही त्यांची मोजदाद कशाला होईल?

होय, कांतिनिएरला पगार नव्हता. ही गोष्ट वाचताना मला दोनदा मागे जाऊन तपासून पाहावी लागली. ती पलटणीची होती, पलटणीचा कायदा तिला लागू होता, शिस्तभंग केला तर परवाना जाई. पण पगार नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. जे काय मिळायचे ते पिंपातून. शिवाय तिची जागा नवऱ्याच्या जागेला बांधलेली. नवरा मेला किंवा नोकरीतून सुटला की तिचाही हक्क संपला. म्हणून रणांगणावर विधवा झालेली कांतिनिएर थोड्याच काळात त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी लग्न करी. गावातले शहाणे लोक तिला उथळ म्हणत. पण तिने करायचे काय? दुकान, गाडी, घोडे, मुले, उधारीची वही, सारे त्या पलटणीत. तिचे घर म्हणजे ती पलटणच होती. लग्न करी म्हणून घर टिके.

मुलांची व्यवस्था मात्र फ्रेंच लष्कराने काही अंशी केली होती. शिपाई व कांतिनिएर यांच्या मुलांपैकी ठराविक मुलांना ‘पलटणीची मुले’ म्हणून नोंदवत, शिधा आणि अल्प वेतन देत, लिहायला-वाचायला शिकवत. त्यांतले मुलगे ढोल वाजवणारे होत, मग शिपाई. मुली मोठ्या होऊन बहुधा दुसऱ्या एखाद्या शिपायाशी लग्न करीत आणि आईचे पिंप खांद्याला लावीत. डोनिझेत्ती याचे ‘पलटणीची मुलगी’ हे संगीत नाटक पॅरिसला १८४० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातली मारी ही एकविसाव्या पलटणीने वाढवलेली पोर. प्रेक्षकांना ती फार आवडली. नाटकातली कांतिनिएर नेहमी तरुण, गोरीपान आणि गाणारी असते. खऱ्या कांतिनिएरचा दिवस पहाटे सुरू होई आणि तिच्या हाताला घट्टे असत.

१८३० नंतर फ्रान्सने अल्जीरिया जिंकायला घेतला. तिकडच्या मोहिमांतून या बायकांचा गणवेश हळूहळू ठरत गेला. पलटणीसारखेच आखूड जाकीट, तांबडी विजार, विजारीवर गुडघ्यापर्यंतचा घागरा, पुढे एप्रन, डोक्याला हॅट, आणि पिंप तर होतेच. युरोपात त्या काळी सभ्य बाईने विजार घालणे अशक्यप्राय. या मात्र परेडमध्ये विजार घालून पलटणीबरोबर चालत आणि लोक टाळ्या वाजवत! गणवेशाचा खर्च अर्थात पदरचा.

तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत त्यांची संख्या वाढली आणि दिमाखही. १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात इंग्रज आणि फ्रेंच एका बाजूला लढले. इंग्रज शिपाई थंडीत उपाशी कुडकुडत असताना शेजारच्या फ्रेंच तळावर गरम कॉफी मिळते, हे त्यांच्या डोळ्यांवर आले. १८५५ मध्ये रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकाराने तेथील एका कांतिनिएरचे छायाचित्र घेतले. पूर्ण गणवेशात उभी आहे, नजर ठाम. छायाचित्राखाली तिचा हुद्दा आहे, नाव नाही. १८५९ मध्ये इटलीतील माजेंताच्या लढाईनंतर झुवाव्ह पथकाच्या रोसिनीबाईंना लष्करी पदक देण्यात आले. पगार नसलेल्या बाईला पदक! अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा तिकडच्या काही पलटणींनी ही फ्रेंच चाल उचलली. पेनसिल्व्हेनियाच्या ११४ व्या पलटणीतली मारी तेप ही जन्माने फ्रेंचच. १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला तिच्या घोट्यात गोळी घुसली, तरी पुढल्या वर्षी ती गेटिसबर्गला हजर होती.

१८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झाले आणि फ्रान्सचा पाडाव झाला. शातोदँ या लहानशा गावाने त्या ऑक्टोबरमध्ये प्रशियनांना दिवसभर झुंजवले. तेथील स्वयंसेवकांच्या तुकडीची कांतिनिएर जारेतूबाई गोळ्यांच्या वर्षावात जखमींना उचलीत होती. तिला लेजिओं दॉनर मिळायला १८८० साल उजाडावे लागले. लगेच पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये, पॅरिसच्या कष्टकऱ्यांनी बंड करून आपले सरकार स्थापले. त्याला कम्यून म्हणतात. त्यांच्या पलटणींतही कांतिनिएर होत्या, परिचारिका होत्या; लुईझ मिशेल ही शाळामास्तरीण तर बंदूक घेऊन एकसष्टाव्या पलटणीत उभी राहिली. बंड चिरडले गेले. तेच पिंप, तोच पट्टा, तेच मलमपट्टीचे काम; पण बाजू हरलेली. त्यामुळे शातोदँची बाई वीरांगना ठरली आणि पॅरिसच्या बायका ‘आगलाव्या’. लुईझ मिशेलला जहाजात घालून न्यू कॅलेडोनिया बेटावर पाठवले. ती १८८० मध्ये परत आली.

यानंतर कांतिनिएरचे दिवस भरत आले. त्याला एकच कारण नव्हते. पूर्वीचा शिपाई आयुष्यभर पलटणीत राही, त्याचा संसार पलटणीत होई. १८७२ नंतर सक्तीच्या लष्करी सेवेचा नवा कायदा आला; आता तरुण काही वर्षांपुरते येणार आणि घरी जाणार. विवाहित जुने शिपाई कमी झाले, तशा त्यांच्या बायकाही कमी झाल्या. आगगाडीने रसद पोहोचू लागली. मद्यपाननिषेधाचे वारे वाहू लागले, आणि हे वारे काही वाईट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण मुख्य गोष्ट मला निराळीच दिसते. नव्या प्रजासत्ताकात शिपाई हा नागरिक आणि नागरिक हा पुरुष, असे समीकरण झाले. फ्रेंच स्त्रीला मत देण्याचा हक्क तर १९४४ पर्यंत नव्हता. मग पलटणीच्या परेडीत विजार घातलेली बाई कशाला? १८७९ पासून गणवेशाला कात्री लागत गेली, १८९० मध्ये तो पुरता बंद झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती जागाच मोडीत काढून कँटीन निवृत्त शिपायांच्या हाती दिले. सुमारे शंभर वर्षे बायकोने चालवलेले दुकान पुन्हा पुरुषाच्या नावावर झाले.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले तेव्हा फ्रेंच लष्करात एकही स्त्री डॉक्टर नव्हती आणि ती नेमण्याचा कोणाचा विचारही नव्हता. परंतु डॉक्टर निकोल झिरार-मांजें या बाईंना हजर होण्याचा हुकूम आला, तो कारकुनाच्या चुकीने! नाव वाचून कारकुनाला वाटले, हे कोणी पुरुष डॉक्टर. बाई हजर झाल्या. समोरचा अधिकारी चक्रावला, पण डॉक्टरांची टंचाई होती. १९१६ मध्ये व्हर्दँच्या भयंकर लढाईत तोफांच्या माऱ्यात त्यांनी रुग्ण सांभाळले आणि वर्षअखेर त्यांना बढती मिळाली. युद्ध संपल्यावर सहासात महिन्यांतच, १९१९ मध्ये, त्या वारल्या.

दुसऱ्या महायुद्धाची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे दोनतीन नावेच सांगते. नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनला निर्वासित फ्रेंच सेनेत स्त्रियांचे पथक उभे राहिले. त्याची पहिली प्रमुख सिमोन माथ्यू ही टेनिसमध्ये फ्रान्सचे विजेतेपद मिळवलेली खेळाडू. सुझन ट्रॅव्हर्स ही जन्माने इंग्रज. आफ्रिकेच्या वाळवंटात बीर हकीम येथे सेनापती केनिग यांची मोटार ती चालवी. जून १९४२ मध्ये वेढा फोडून निघायचे ठरले, तेव्हा मध्यरात्री सुरुंग पेरलेल्या वाटेने, बंदुकांच्या माऱ्यातून तिने ती मोटार बाहेर काढली. ‘रोशांबेल’ नावाने प्रसिद्ध झालेल्या रुग्णगाडीवाल्या मुलींना सेनापती लक्लेर यांनी प्रथम पॅरिसपर्यंतच बरोबर घ्यायचे कबूल केले होते. नॉर्मंडीपासून पॅरिसपर्यंत त्यांचे काम पाहिल्यावर त्यांनी तो शब्द फिरवला आणि मुली शेवटपर्यंत राहिल्या. व्हालेरी आंद्रे या शस्त्रवैद्य तर पुढे व्हिएतनामच्या युद्धात स्वतः हेलिकॉप्टर चालवून जखमींना आणीत. १९७६ मध्ये त्या फ्रेंच लष्करातील पहिल्या स्त्री जनरल झाल्या.

त्याच व्हिएतनामच्या युद्धात, १९५४ च्या वसंतात, दिएन बिएन फू येथे फ्रेंच फौज वेढ्यात सापडली. जनव्हिएव्ह द गालार ही परिचारिका जखमींना विमानाने नेण्यास आली होती. २८ मार्च रोजी तिचे विमान धावपट्टीवरच निकामी झाले, आणि ती तळाबरोबर अडकली. मग ती डॉक्टर ग्रोवँ यांच्या जमिनीखालच्या रुग्णालयात रात्रंदिवस राबली. एप्रिलअखेर तिला तेथेच लेजिओं दॉनर देण्यात आले. मे महिन्यात तळ पडला, तिची सुटका झाली, अमेरिकेत तिची मिरवणूक निघाली. २०२४ मध्ये ती वारली तेव्हा वृत्तपत्रांनी तिला पुन्हा मान दिला. तो मान तिने कमावलेला होता.

वृत्तपत्रांनी तिचे वर्णन त्या तळावरची एकटी स्त्री असे केले होते. ती एकटी नव्हती. फौजेने शिपायांच्या ‘करमणुकी’साठी म्हणून आणलेल्या काही अल्जीरियन आणि व्हिएतनामी बायका तेथे होत्या. वेढा आवळला तेव्हा त्याही डॉक्टर ग्रोवँ यांच्या भुयारात आल्या. तेथील चिखलात, कंदिलाच्या उजेडात, त्यांनी हात नसलेल्या शिपायांना घास भरवले, तहानलेल्यांना पाणी पाजले आणि रक्ताने भरलेल्या पट्ट्या धुतल्या.